मुलांना औषध देताना: सिरप, ड्रॉप्स, गोळी की पंप? प्रत्येकाचं माप वेगळं, पद्धतही वेगळी

ताप तोच, मूलही तेच. पण मेडिकलमधून घरी येणारी बाटली दर वेळी तीच असते असं नाही. कधी ड्रॉप्स मिळतात, कधी साधं सिरप, तर कधी 'फोर्ट' किंवा 'डीएस' असं लिहिलेलं सिरप. तिन्हींत पॅरासिटामॉलच असतं. मात्र एका एमएलमध्ये औषध किती, हे तिन्हींत वेगळं असतं. "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" म्हणून तेवढंच दिलं, की कधी औषध कमी पडतं आणि कधी चौपट जातं.

औषधाचा प्रकार बदलला की माप बदलतं, आणि देण्याची पद्धतही बदलते. घरातल्या प्रत्येकाला, म्हणजे अम्मी-अब्बूंपासून दादी-नानींपर्यंत आणि बाळाला सांभाळणाऱ्या मोठ्या बहिणीपर्यंत, हे माहीत असायला हवं. कारण रात्री दोन वाजता ताप चढतो तेव्हा हाताशी डॉक्टर नसतात, बाटली असते.

एमएल नव्हे, आधी एमजी बघा

डॉक्टर मुलाचा डोस वजनावरून ठरवतात, वयावरून नाही. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ एमजी असतो. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० एमजी. आता १५० एमजीचा हिशेब तीन बाटल्यांवर करून बघा:

- ड्रॉप्स, १ एमएलमध्ये १०० एमजी: द्यायचे १.५ एमएल
- साधं सिरप, ५ एमएलमध्ये १२५ एमजी: द्यायचं ६ एमएल
- जास्त ताकदीचं सिरप, ५ एमएलमध्ये २५० एमजी: द्यायचं ३ एमएल

औषध तेवढंच, पण माप तीन वेगळी. समजा घरच्यांच्या लक्षात '६ एमएल' राहिलं आणि या वेळी बाटली ड्रॉप्सची आली. ६ एमएल ड्रॉप्स म्हणजे ६०० एमजी, डोसच्या चौपट. उलटही होतं. ड्रॉप्सचं १.५ एमएल लक्षात ठेवून साधं सिरप तेवढंच दिलं, तर मुलाच्या पोटात जेमतेम ३७.५ एमजी जातं. मग ताप उतरत नाही, घरचे घाबरतात आणि तासाभरात पुन्हा औषध देतात.

म्हणून बाटली हातात घेतली की आधी लेबलवर 'प्रत्येक ५ एमएलमध्ये' किंवा 'प्रत्येक १ एमएलमध्ये' किती एमजी, ते वाचा. डॉक्टरांकडून डोस एमजी आणि एमएल दोन्हींत लिहून घ्या. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर तिथंच विचारा, "याची ताकद तीच आहे ना?" दोन पॅरासिटामॉल डोसांमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर हवं, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. ३ महिन्यांपेक्षा लहान बाळाला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तापाचं औषध देऊच नये.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे मिश्र औषधं. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरपही सर्रास मिळतात. सर्दीची एक बाटली, तापाची दुसरी, अशा दोन बाटल्या चालू असतील तर पॅरासिटामॉल दोनदा जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही बाटल्यांवरची घटकांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचली की हा धोका टळतो.

चमचा नको, सिरिंज हवी

डॉक्टर 'एक चमचा' म्हणतात तेव्हा त्यांना ५ एमएल अपेक्षित असतं. पण घरातला चहाचा चमचा एका मापाचा नसतो. कुणाचा छोटा, कुणाचा खोलगट, आणि पोह्याचा चमचा तर कितीतरी मोठा. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण चालेल, पण ते सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या रेषेत आणून बघावं. हातात धरून वरून पाहिलं तर अंदाज चुकतो.

५ एमएलपेक्षा कमी औषध असेल तर सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज सगळ्यात बरी. मेडिकलमध्ये ती काही रुपयांत मिळते. तिचं छोटं टोपण आधीच काढून टाका, नाहीतर ते बाळाच्या घशात उडू शकतं.

बाळाला आडवं झोपवून औषध पाजू नये. मांडीवर थोडं उभं धरा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. एक घोट गिळला की पुढचा. नाक दाबून, तोंड उघडून घशात एकदम ओतलं तर औषध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मूल रडत असेल तर दोन मिनिटं थांबा.

चव आवडत नाही म्हणून औषध अख्ख्या दुधाच्या बाटलीत मिसळू नका. बाळाने अर्धं दूध सोडलं तर अर्धं औषधही गेलं. मिसळायचंच असेल तर डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारून एखाद्या चमचाभर पदार्थात मिसळा. एक वर्षाखालच्या बाळाला मध मात्र अजिबात नको. मध चाटवूही नये आणि औषधही मधात कालवून देऊ नये. मधात काही वेळा जे जिवाणूंचे बीज असतात, त्यांतून एवढ्या लहान बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

औषधाला 'चॉकलेट' किंवा 'मिठाई' म्हणू नका. आज मूल खुशीने घेईल, पण उद्या तीच मिठाई शोधत कपाटापर्यंत पोचेल.

ड्रॉप्स: छोटी बाटली, कडक औषध

ड्रॉप्सची बाटली लहान दिसते म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं. प्रत्यक्षात थोड्या पाण्यात जास्त औषध असतं. ज्या बाटलीचा ड्रॉपर, त्याच बाटलीसाठी वापरा. एका ड्रॉपरवरची खूण दुसऱ्या औषधाला लागू होत नाही. 'थेंब' आणि 'एमएल' यांतही गल्लत नको. ०.५ एमएल म्हणजे पाच थेंब नव्हेत.

व्हिटॅमिन डीच्या बाबतीत हा फरक फार मोठा होतो. तान्ह्या बाळाला साधारण रोज ४०० आययू दिलं जातं. मोठ्यांसाठी जी छोटी बाटली किंवा पुडी मिळते, तिच्यात एकदम ६०,००० आययू असतं. म्हणजे बाळाच्या १५० दिवसांचा डोस एकाच घोटात. असं औषध डॉक्टरांनी मुलाला लिहून दिलं असेल तर ते 'रोज' की 'आठवड्यातून एकदा', हे स्पष्ट विचारून घ्या.

पावडरची बाटली: पाणी नेमकं घाला

अँटिबायोटिकची बरीचशी औषधं सुक्या पावडरच्या रूपात मिळतात. ती घरी तयार करायची असतात. कृती साधी आहे, पण क्रम पाळावा लागतो.

१. आधी बाटली हलवून तळाशी चिकटलेली पावडर मोकळी करा.
२. सोबत पाण्याची कुपी असेल तर तीच वापरा. नसेल तर उकळून पूर्ण थंड केलेलं पाणी घ्या. गरम पाणी नको.
३. खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून जोरात हलवा.
४. फेस बसू द्या. मग खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. पातळी खाली गेली तर आणखी थोडं पाणी घालून खुणेपर्यंत आणा.
५. बाटलीवर त्या दिवसाची तारीख लिहा.

काही औषधं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचं मिश्रण. तयार केल्यावर ते साधारण ७ दिवसच टिकतं. फ्रिजच्या आत ठेवा, दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात नको. घरी फ्रिज नसेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, ते दुसरं औषध लिहून देऊ शकतात.

प्रत्येक डोसच्या आधी बाटली हलवायलाच हवी. औषध खाली बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पाणचट आणि शेवटचे डोस जास्त कडक होतात. ताप उतरला म्हणून अँटिबायोटिक मध्येच बंद करू नका, आणि उरलेलं पुढच्या आजारपणासाठी किंवा धाकट्यासाठी राखून ठेवू नका.

ओआरएस आणि झिंक: जुलाबातली जोडी

ओआरएस हेसुद्धा औषधच आहे आणि त्याचंही माप असतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, तर छोटं पाकीट २०० एमएलसाठी. पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकाच वेळी विरघळवा. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात घातलं तर मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की फायद्याऐवजी नुकसान होतं. थोडी पावडर आज, थोडी उद्या असंही करू नका. वरून साखर, सरबत किंवा ज्यूस घालू नका. तयार पाणी २४ तासांनी फेकून द्या.

दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० एमएल आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० एमएल द्या, तेही चमच्याने किंवा घोट घोट. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. आईचं दूध आणि नेहमीचं जेवण चालूच ठेवा. दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते बघून घ्या.

ओआरएससोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० एमजी आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० एमजी. ही गोळी चमच्यात थोड्या स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की विरघळते. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

गोळ्या आणि कॅप्सूल: प्रत्येक गोळी कुटायची नसते

लहान मुलाच्या घशात अख्खी गोळी अडकू शकते. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळीच घ्या. ती ४०० एमजीची असते. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी आणि त्यापुढे एक. लहानग्यांना ती चुरून, पाण्यात कालवून द्यायची, आणि मोठ्या मुलांनी चावून खायची. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात ती जबरदस्तीने कोंबणं धोक्याचं आहे.

पण म्हणून प्रत्येक गोळी कुटून चालत नाही. नावापुढे 'एसआर', 'ईआर', 'सीआर' असं लिहिलेल्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. आतड्यात विरघळणारा लेप असलेल्या गोळ्या आणि कॅप्सूलही केमिस्टला विचारल्याशिवाय फोडू नका. मोठ्यांची गोळी अंदाजाने चतकोर करून मुलाला देणं तर टाळाच. मधोमध रेघ नसलेली गोळी सारखी तुटत नाही.

कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं. त्यामुळे काही घरांत औषध घ्यावं की नाही असा प्रश्न पडतो. असा प्रश्न असेल तर औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तेच औषध अनेकदा गोळीत, अल्कोहोल नसलेल्या सिरपमध्ये किंवा वनस्पतीजन्य आवरणात मिळतं. मूल आजारी असताना औषध अर्धवट सोडणं मात्र परवडणारं नाही.

तोंडाने घेता येत नसेल तेव्हा: सपोझिटरी

मूल सारखं ओकत असेल तर डॉक्टर कधी कधी शौचाच्या जागेतून द्यायची पॅरासिटामॉलची गोळी, म्हणजे सपोझिटरी, लिहून देतात. ती ८०, १७०, २५० एमजी अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते. मुलाच्या वजनाला जुळणारीच घ्या. मोठी आणून अर्धी कापली तर दोन्ही भागांत औषध सारखं असेलच याची खात्री नसते. गोळी मऊ झाली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ थंड पाण्यात धरा. मुलाला डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, हळूच आत सरकवा आणि थोडा वेळ नितंब जवळ धरून ठेवा.

सपोझिटरी दिली म्हणजे एक डोस झाला. त्यावर लगेच तोंडाने सिरप द्यायचं नाही.

पंप आणि नेब्युलायझर

"पंपाची सवय लागते" ही भीती अजून अनेक घरांत आहे. वास्तविक पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे ते सिरपपेक्षा खूप कमी मात्रेत पुरतं. सवय लागत नाही. दमा लांबला तर पंपही लांबतो, एवढंच.

लहान मुलाला पंप थेट तोंडात देऊन उपयोग नाही. स्पेसर हवा, आणि अगदी लहान असेल तर मास्कसह. पंप नीट हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकदाच दाबा आणि मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने, पुन्हा पंप हलवून. दोन पफ एकदम दाबायचे नाहीत. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा आणि चेहरा पुसा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि हवेवर वाळू द्या. आतून फडक्याने पुसू नका.

नेब्युलायझरमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं औषधच घाला. शेजारच्या मुलाची उरलेली कुपी नको. मास्क चेहऱ्यापासून लांब धरला तर औषध हवेत जातं. आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवून वाफ देऊ नका, त्यात भाजण्याचे अपघात होतात.

डोळे, कान, नाक

तिन्हींच्या बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून टाकण्याआधी लेबल वाचा. कानाचं औषध डोळ्यात गेलं तर इजा होते.

डोळ्याचे थेंब: हात धुवा, खालची पापणी किंचित ओढा, एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची.

कानाचे थेंब: बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करा. तीन वर्षांपेक्षा लहान मुलाची कानाची पाळी खाली आणि मागे ओढा. मोठ्या मुलाचा कान वर आणि मागे. कानातून पू किंवा रक्त येत असेल तर तपासल्याशिवाय काहीच टाकू नका, तेलही नाही.

नाक: बाळाचं नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब पुरतात. मोठ्यांसाठीचे नाक मोकळं करणारे थेंब बाळाच्या नाकात टाकू नयेत. ते रक्तात जाऊन बाळ सुस्त होऊ शकतं.

मलम, बाम आणि कापूर

बाळाची त्वचा पातळ असते. वरून लावलेलं औषधही बरंच आत शोषलं जातं. मोठ्यांच्या खाज-नायट्याच्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते बाळाच्या लंगोटाच्या जागी स्वतःहून लावू नका.

सर्दी झाली की कापूर किंवा बाम छातीला, कधी नाकालाही लावला जातो. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर असलेला बाम लावू नये आणि नाकात तर कोणालाच नको. कापूर पोटात गेला तर थोड्या वेळात झटके येऊ शकतात. कापराच्या वड्या आणि बामची डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशाच ठेवा.

खोकल्याचं सिरप: बहुतेक वेळा गरजच नसते

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले. तामिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपच्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळलं. हा दोष कारखान्यातला होता. कोणत्याही आईला ते बाटलीकडे बघून कळलं नसतं. पण साध्या सर्दी-खोकल्याला एवढ्या लहान मुलांना हे सिरप हवं होतं का, हा प्रश्न तेव्हाच समोर आला.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये सूचना काढली: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापणं सक्तीचं झालं. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. पुरेसं पाणी, विश्रांती, नाकात सलाइन एवढं पुरतं. मूल धापा टाकत असेल तर ते सिरपचं नव्हे, दवाखान्याचं काम आहे.

कुठलंही औषध घेताना बिल मागा आणि बॅच नंबर व मुदत तपासा. एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली तर बाटलीवरचा तोच नंबर कामी येतो.

ही औषधं स्वतःहून देऊ नका

- निमेसुलाइड: १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली किंवा मोठ्यांच्या गोळ्या असतील तर मुलाला नको.
- ॲस्पिरिन: विषाणूच्या तापात मुलांना दिली तर यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.
- आयबुप्रोफेन: पावसाळ्यात ताप आला की डेंग्यूची शक्यता असते. डेंग्यूत हे औषध रक्तस्रावाचा धोका वाढवतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलालाही ते घातक ठरतं.
- दुसऱ्या मुलाचं उरलेलं अँटिबायोटिक: आजार वेगळा, वजन वेगळं. पाकिटावर लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

आखातातून किंवा परदेशातून घरी आलेल्या बॅगेत मुलांची औषधंही असतात. तिथल्या बाटलीची ताकद इथल्यापेक्षा वेगळी असू शकते. अमेरिकेत मुलांचं पॅरासिटामॉल सिरप ५ एमएलमध्ये १६० एमजी असतं आणि लेबलवर नाव 'ॲसिटामिनोफेन' असतं. औषध एकच आहे हे न कळल्याने दोन्ही बाटल्या दिल्या जाऊ शकतात. नाव आणि एमजी इथल्या केमिस्टला दाखवल्याशिवाय अशी बाटली वापरू नका.

वेळ चुकली, औषध ओकलं तर?

'दिवसातून तीनदा' म्हणजे साधारण दर आठ तासांनी. रमजानमध्ये घराचं वेळापत्रक सहरी-इफ्तारप्रमाणे बदलतं, तेव्हा आजारी मुलाच्या औषधाला मोबाइलवर वेगळा गजर लावा. तीन डोस इफ्तार ते सहरीच्या मध्ये कोंबायचे नाहीत.

एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मूल ओकलं तर तोच डोस एकदा पुन्हा देता येतो. त्यानंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. इतर औषधांबाबत डॉक्टरांना फोन करून विचारा. घरात दोघं-तिघं औषध देणारे असतील तर फ्रिजवर कागद लावा: औषध, किती एमएल, किती वाजता, कुणी दिलं. "तू दिलंस का मी?" हा गोंधळ तिथेच थांबतो.

जास्त औषध गेलं तर

घरात गरोदर बाई असेल तर लोहाच्या लाल गोळ्या असतात. मुलांना त्या गोळ्या-मिठाईसारख्या वाटतात. मूठभर गोळ्या लहान मुलाचा जीव घेऊ शकतात. सुरुवातीला उलट्या होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि नंतर तब्येत झपाट्याने बिघडते. पॅरासिटामॉलचंही तसंच आहे. पहिल्या दिवशी मूल खेळतं, यकृताचं नुकसान नंतर दिसतं. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून 'बघू, काही होतंय का' असं म्हणत थांबू नका.

मुलाने चुकून औषध घेतलं तर बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ वर फोन करा. किती घेतलं असावं आणि किती वाजता, एवढं सांगता आलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

औषधं उंच, कुलूप असलेल्या कपाटात ठेवा. उशीखाली, पर्समध्ये, टीव्हीजवळ नको. एका बाटलीतलं औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत, कधीही ओतू नका.

घरी औषध देत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या

- ३ महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
- झटके, किंवा उठवूनही नीट जाग न येणं
- दूध-पाणी काहीच न घेणं, सगळं ओकून टाकणं
- श्वास जलद होणं, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं
- सहा ते आठ तास लघवी न होणं
- औषध दिल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं किंवा श्वास लागणं

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या मुलाचा डोस त्याचं वजन आणि आजार बघून डॉक्टरच ठरवतील.)